बिनआवाजाचा टीव्ही

माझे वडील टीव्ही बघायचे ते आवाज बंद करून. कळमनुरीत त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागूनच आमचं दोन खोल्यांचं घर. संध्याकाळी गिरणी बंद केली, अंगावरचं पीठ झटकलं, की बाबा खाटेवर बसत, टीव्ही लावत आणि आवाजाचं बटण डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवत. कोणी विचारलंच तर म्हणत, "दिवसभर गिरणीची घरघर हायेच की. आता डोक्याला आणखी तकलीफ कशाला?"

लग्नानंतर माहेरी आले की या टीव्हीचा मला आनंदही व्हायचा आणि रागही यायचा. सासरी टीव्ही बैठकीत आणि सून स्वयंपाकघरात, त्यामुळे तिथे मालिका मी नुसत्या ऐकायची. माहेरी पाय पसरून समोर बसायला मिळायचं, तर आवाज नाही! सासरचा आवाज माहेरच्या चित्राला जोडत मी कितीतरी मालिका पुऱ्या केल्या. बाबांना गोष्ट समजावून सांगायला लागले की ते मधेच हात वर करत. "ही बाई खोटं बोलून राहिली. डोळे बघ तिचे." चार दिवसांनी ती बाई खोटारडी निघायचीच. बातम्या मात्र त्यांच्या विशेष आवडीच्या. बातम्या देणारीकडे ते असे टक लावून बघत की आई असती तर तिने नक्कीच दोन शब्द सुनावले असते. पण आई माझ्या लग्नाआधीच गेली होती.

त्यांचं आणखी एक पालुपद होतं. "इकडं तोंड करून बोल, माय. भिंतीला काय सांगून राहिली?" आमची चूल भिंतीला लागून. मी भाकरी थापता थापता बोलायची आणि हे ऐकून घ्यायची. मला ती बापाची शिस्त वाटे. फोनवर तर ते येतच नसत. शेजारच्या दुकानात फोन केला की दुकानदारच निरोप द्यायचा, "फोनवर मजा न्हाई म्हणतेत. येऊन जाय म्हणतेत."

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा मी आले ती परत न जाण्याचं ठरवूनच. सासूचं बोलणं आणि नवऱ्याचं न बोलणं, दोन्ही सोसेनासं झालं होतं. आठ दिवस माझा धीर होईना. असलं काही बापाच्या तोंडाकडे बघून सांगायची आमच्यात रीत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी तव्यावर भाकरी टाकली आणि भिंतीकडे बघतच म्हणाले, "बाबा, मला परत जायचं न्हाई."

मागून काहीच उत्तर आलं नाही. मी वाट बघत राहिले, भाकरी करपली. वळून पाहिलं तर बाबांची नजर टीव्हीवर. मी समजायचं ते समजले आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. एसटीत बसवून देताना त्यांनी खिडकीतून माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "समदं बराबर हाय ना, माय?" मी रागानेच म्हणाले, "व्हय, बराबर हाय." गाडी सुटली तरी ते बघतच उभे होते.

पुढे नवऱ्याची बदली नांदेडला झाली, सासू गावी राहिली, नवराही हळूहळू बोलायला शिकला. माझे दिवस सुधारले. बाबांवरचा राग मात्र गेला नाही. माहेरी जायची ती दोन दिवसांपुरती. तो टीव्ही दिसला की वाटायचं, या डबड्यापुढे आपण कोणीच नाही.

नऊ वर्षं अशीच गेली. एकदा माहेरी असताना दिवेलागणीला लोडशेडिंग झालं आणि घरात अंधार पसरला. मी खाटेजवळच बसले होते. "बाबा, काडीपेटी कुठं हाय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तर जवळजवळ ओरडलेच. तेव्हा अंधारात बाबा बिचकत म्हणाले, "माय, हायेस का गं तिथं?"

चाचपडत त्यांनी स्वतःच काडीपेटी शोधली, कंदील लावला आणि तो माझ्या तोंडासमोर धरला. "हां, आता बोल."

"कवापासून ऐकू येत न्हाई?" मी विचारलं.

"तुझी आई होती तवापासून कमी कमी व्हत गेलं. गिरणीनं खाल्ले कान."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"बहिऱ्याकडं दळण कोण आणंल? टीव्हीचा आवाज वाढवला असता तर गल्लीला कळलं असतं. ती बातम्यावाली बरी. तोंड सरळ ठेवून बोलते. तिच्याकडं बघूनच शिकलो, कोण काय बोलून राहिलं ते."

मला रडू आवरेना. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांच्याकडे तोंड करून मी नऊ वर्षांपूर्वीचं तेच वाक्य पुन्हा म्हणाले. "बाबा, मला परत जायचं न्हाई."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "मग नको जाऊ. ऱ्हाय." का, कशासाठी, काही विचारलं नाही.

सकाळी उठले तर आतल्या खोलीतली ज्वारीची पोती गिरणीत गेली होती. तिथे खाट टाकून बाबांनी टीव्हीसुद्धा आत आणून ठेवला होता. "तुला बघायला. आवाज लाव तुझा तू. कळू दे गल्लीला." मग मला सांगावंच लागलं, की ते जुनं होतं, नऊ वर्षांपूर्वी चुलीपुढे भिंतीकडे बघून म्हटलेलं; आता सगळं ठीक आहे. बाबा खाली बसले. "मी मागंच बसलो होतो की गं," एवढंच म्हणाले. मग त्यांनी माझे डोळे न्याहाळले. "आता बराबर?" मी म्हणाले, "बराबर." या वेळी ते खरं होतं.

पोती पुन्हा आत आली नाहीत. तीन वर्षांनी बाबा गेले. सगळे पाहुणे परतल्यावर मी त्या खोलीत बसले आणि सवयीने टीव्ही लावला. आवाज एवढ्या मोठ्याने आला की मी दचकले. बाबांनी बटण उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं.