हळदीची पाच बोटं

संगमरवर कापतानाच्या ओल्या भुकटीचा वास आला की शारजातल्या एका चर्चचं आवार आठवतं. नव्वदच्या दशकात मी तिथे बातमीसाठी गेलो होतो. जुन्या ब्रिटिश हवाई तळावरच्या मृत वैमानिकांचं स्मारक उभं राहत होतं: पांढरी शिळा, वर क्रॉस, खाली हुद्दे गाळून नुसती नावं. शिळा बसताच रत्नागिरीच्या गवंड्याने सवयीने तिच्यावर हळदीची पाच बोटं ओढली. अनावरणाचे पाहुणे येऊ लागले, तरी डाग निघेना. “खलास! नोकरी गेली माझी,” तो मला म्हणाला. तेवढ्यात केरळचे फादर आले. त्यांनी डाग निरखला आणि विचारलं, “सिर्फ हल्दी? नारियल कौन फोडेगा?” गवंडी नारळ आणायला धावला. माझ्या बातमीत शिळा, क्रॉस आणि नावं होती. नारळ आज लिहितो आहे.