लेलेबाई आणि गॅलरीतलं पोळं

"ओरडू नका. त्यांना कान नसतात, आम्हाला आहेत."

लेलेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत मी एकटी राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले, तर दांडीला मधमाश्यांचा हा एवढा घोस लटकलेला, आणि अजून येतच होत्या. मी किंचाळले. समोरच्या दारातून एक उंच, किडकिडीत बाई चष्मा कपाळावर ढकलत सरळ आत आल्या. गॅलरीचं दार लावलं, खुर्ची ओढून काचेसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा टाका. साखर कमी."

फवारणीवाल्याला बोलावू का, असं मी विचारलं. "कशाला? घर शोधत हिंडताहेत, घटकाभर टेकल्यात. तुम्ही मागच्या महिन्यात घर शोधत फिरत होतात, तेव्हा तुमच्यावर कोणी औषध मारलं का?"

दोन दिवसांनी थवा आपण होऊन उठून गेला. लेलेबाई मात्र रोज संध्याकाळी येऊ लागल्या.

त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगा अमेरिकेत. बोलणं तिखट, पण ज्ञान द्यायला हात सैल. त्यांची एक ख्याती होती: तोंडातून गेलेला शब्द बाईंनी कधी परत घेतला नाही. एकदा बसथांब्यावर त्यांनी आम्हा चौघींना ठासून सांगितलं, ही बस स्वारगेटला जाते. कंडक्टर म्हणाला, हडपसर. आम्ही उतरलो. बाई बसून राहिल्या. दिवेलागणीला घामाघूम होऊन परतल्या आणि जिन्यात मला म्हणाल्या, "माझं हडपसरलाच काम होतं." मी आठवडाभर हसत होते. तेव्हाच नीट पाहायला हवं होतं, असं आता वाटतं.

पुढच्या वर्षी थव्याने मुक्कामच ठोकला. दांडीला तळहाताएवढं पोळं धरलं. "फुलोरी माशी ही. गरीब जात. आग्या मोहोळ असतं तर तुमच्या आधी मी पळाले असते," बाई म्हणाल्या. मी कपडे घरात वाळवू लागले. बाईंनी मला त्या माश्या बघायला शिकवलं. पायांना पिवळे गोळे लावून येणाऱ्या, ऊन वाढलं की पंखांनी वारा घालणाऱ्या. नोकरीवरून आल्यावर चपला न काढता मी आधी काचेपाशी जायचे. त्या घरात माझी वाट बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींना, तुळपुळ्यांना, हे रुचलं नाही. सभेत त्यांनी फवारणीचा विषय काढला. मी बसल्या जागी घाबरले. लेलेबाई उठल्या. "फवारा घेऊन जो माणूस हा जिना चढेल, तो माझ्या प्रेतावरून चढेल." विषय मिटला. घरी येऊन मी बाईंचे हात धरले आणि रडले. माझ्यासाठी इतकं कोणी उभं राहिलं नव्हतं.

त्यानंतर दीडएक वर्षाने बाई एका सकाळी म्हणाल्या, "रविवारी खडकवासल्याला जाऊ या." मला खरंच वाटेना. सहलीचं नाव काढलं की ही बाई म्हणायची, "धरणात पाणी आहे की नाही ते पेपरात येतं. जाऊन बघायचं काय त्यात?"

आम्ही गेलो. पाण्याकाठी बसून कांदाभजी खाल्ली. बाईंनी पायांतल्या चपला काढून पाय पाण्यात सोडले. लग्नाआधी त्यांना गाणं शिकायचं होतं, ते सांगितलं. दोन ओळी गुणगुणल्यासुद्धा, बेसूर. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजपासून तुला अगं-तुगं करते. चालेल ना?" मी उठू म्हटलं की त्या म्हणायच्या, "बस गं, घाई काय आहे." अंधार पडेस्तोवर आम्ही बसलो.

घरी आले तर दार कुलूपबंद, जसंच्या तसं. आत औषधाचा उग्र वास. गॅलरीतली दांडी पुसून लख्ख. फरशी धुतलेली, तरी कोपऱ्यातल्या कुंडीमागे मूठभर मेलेल्या माश्या राहिल्या होत्या. मी तशीच खाली गेले आणि तुळपुळ्यांच्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं? आता ऐका. माणूस लेलेबाईंनी बोलावला. तुमची जादा किल्ली त्यांच्याकडेच असते ना? ती काल माझ्याकडे देऊन गेल्या. म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत तिला बाहेर ठेवते." मग दार लोटता लोटता म्हणाले, "आणि हो, जिन्यात प्रेतबित काही आडवं आलं नाही."

बाईंनी दार उघडलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.

"नातू येतोय पुढच्या आठवड्यात. त्याला माशी चावली की घसा सुजतो. मागे एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं."

"मग मला सांगायचं होतंत. मी त्याच दिवशी काढून टाकलं असतं."

"ठाऊक होतं."

"मग?"

त्या दाराच्या कडीशी चाळा करू लागल्या. "सभेत एवढं बोलून बसले होते. तुमच्यासमोर उभं राहून ते कसं फिरवायचं?" पाण्याकाठचं अगं-तुगं गेलं होतं. "मला वाटलं, तुम्ही तुळपुळ्यांचं नाव घ्याल."

म्हणजे माझा राग कोणाच्या दारात जाईल, हेही बाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. माश्यांसाठी मी रडले, खोटं कशाला बोलू. पण लेकराच्या जिवापुढे माश्या काय? माझ्या हाताने मी ते पोळं उतरवलं असतं. बाईंना शब्द गमवायचा नव्हता, मी गेले तरी चालणार होतं. हे मला तेव्हाही पचलं नाही आणि आजही पचत नाही.

मी किल्ली परत आणली. नातू आला, महिनाभर राहिला, सुखरूप गेला. त्यानंतर आठ-नऊ वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो. जिन्यात भेटलो की त्या "कशा आहात?" म्हणायच्या, मी "बरी आहे" म्हणायचे. माफी त्यांनी मागितली नाही. मागतील असं मला वाटलंही नव्हतं.

बाई गेल्या तेव्हा मुलगा आला. दहाव्या-बाराव्याचं उरकल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला. "आई फोनवर तुमच्याबद्दल बोलायची. तुम्ही दोघी खडकवासल्याला गेला होतात ना? तेवढ्या एकाच सहलीचं ती सांगायची. पाण्यात पाय सोडले होते, गाणं म्हटलं होतं. आईला गाताना मी कधी ऐकलं नाही हो. खूश होती का त्या दिवशी?"

त्याला काहीच माहीत नव्हतं.

"खूप खूश होत्या," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. पाण्याकाठी बाईंच्या शेजारी मी बसले होते, मला दिसत होतं. तो आनंद नाटकी असता, तर मी केव्हाच विसरले असते त्यांना.