वादीतला सांधा

मुनीर सोलकरांनी त्या गावात कधीच कोणाच्या घरी कॉफी घेतली नाही. ओमानात हे सोपं नाही. दारात आलेल्या माणसापुढे कॉफी आणि खजूर ठेवल्याशिवाय तिथे बोलणंच सुरू होत नाही. मुनीरभाई छातीवर हात ठेवून, हसून, नको म्हणत. मग खाली वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, दगडगोट्यांत बसून आपल्या थर्मासमधला चहा पीत. ते असं का करतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी राग मानत नसे.

ते मस्कतच्या दार्सैत भागात माझ्या खालच्या मजल्यावर राहत. मूळचे हर्णैजवळच्या एका बंदरावरचे. घरातले सगळे दर्यावर, हे एकटे पाइपांत. मस्कतला आले तेव्हा केस काळे होते, एवढंच ते सांगत. साल विचारलं तर हिशेब करायचा कंटाळा करत. काम पाइप फिटरचं. त्यातही त्यांचा हात बसला होता तो क्लॅम्पच्या सांध्यावर. दोन पाइप टोकाला टोक लावायचे, सांध्यावर रबराची रिंग चढवायची, तिच्यावर लोखंडाच्या दोन अर्धगोल पाकळ्या बसवायच्या आणि दोन्ही अंगांचे नट आवळायचे. वेल्डिंग नाही, चिकटवणं नाही. हवं तेव्हा उघडता येतं. माझ्या गीझरचं काम करून झाल्यावर ते फरशी पुसूनच जात, आणि फडकं आमचं मागत नसत, स्वतःचं आणत.

गाव रुस्ताकच्या पुढे डोंगरात आहे. मुनीरभाईंचा अर्बाब, म्हणजे मालक, खल्फान मूळचा तिथलाच. डोंगरातून येणारं पाणी पाटाने गावात खेळवलेलं. आपल्या कोकणातल्या पाटासारखंच, फक्त इथे त्याला फलज म्हणतात आणि त्याच्या वाटणीत माणसांची आयुष्यं जातात. कोणाच्या बागेला कोणत्या वारी, किती वेळ पाणी, हे आजोबांच्या आजोबांपासून ठरलेलं. हा पाट एका जागी वादी ओलांडतो. वादी म्हणजे एरवी कोरडी ठक्क पडलेली आणि डोंगरात पाऊस झाला की अंगावर धावून येणारी नदी. एका पुरात पाटाचा तेवढा तुकडा वाहून गेला. तेव्हा खल्फानने मुनीरभाईंना नेलं आणि त्यांनी वादीच्या पात्रावरून लोखंडी पाइप टाकून दिला, क्लॅम्पने जोडून. पुराचा इशारा आला की पाइप सोडवून काठावर न्यायचा, पाणी ओसरलं की पुन्हा जोडायचा. दुसरा कुठलाही सांधा तिथे चालला नसता.

अडचण सांध्याची नव्हती. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. पाइप सोडवला की त्या वेळी ज्याची पाळी असेल त्याचं पाणी बुडतं. वरच्या आळीच्या माणसाने क्लॅम्प उघडला की खालचे म्हणणार, आमच्याच पाळीला बरा उघडलास. खालच्याने उघडला की तेच उलट. पहिल्याच हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या पावसाच्या दिवसांत, यावरून दोन म्हाताऱ्यांची डोक्यावरची मुसर खाली पडेपर्यंत बाचाबाची झाली. एक सुलैमान, वरचा. दुसरा हमूद, खालचा. खल्फानने सोडवायचं म्हटलं तर त्याची आई वरची आणि बाप खालचा. दोघांनाही त्याचा भरवसा नाही. शेवटी एकाच माणसावर सगळ्यांचं एकमत झालं. पाइप ज्याने जोडला त्यानेच उघडावा. तो हिंदी आहे, त्याची इथे बाग नाही, सोयरीक नाही.

तेव्हापासून आभाळ भरून आलं की मुनीरभाईंचा फोन वाजे. "मुनीर, यल्ला!" आणि ते गाडी काढत. कॉफी न घेण्याचा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. एका आळीत कप उचलला तर दुसऱ्या आळीतही उचलायला हवा. आधी कोणाकडे उचलला, कोणाकडे खजूर जास्त खाल्ले, याचीही चर्चा होणार. त्यापेक्षा कुठेच नको.

असं चाललं होतं आणि चालत राहिलं असतं. पण तिकडे कोकणात थोरले भाऊ बाबामियाँ यांची दृष्टी गेली.

बाबामियाँ मासेमारीच्या होडीवरचे तांडेल. बाप लवकर गेल्यावर धाकट्या मुनीरला त्यांनीच वाढवला, त्यांनीच पासपोर्ट काढून विमानात बसवला. लग्न केलं नाही. आता दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. मुनीरभाईंच्या बायको, हाफिजाभाभी, आधीच परत जाऊन दिरांचं सगळं करत होत्या. बाबामियाँ रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायचे, "कधी येतोस?" मुनीरभाई म्हणायचे, "येतो." बाबामियाँची तब्येत खालावत होती. भाऊ आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन राहायचं, एवढीच मुनीरभाईंची इच्छा होती. त्यांनी ती खल्फानला सांगितली.

खल्फान वाईट माणूस नाही. मुनीरभाईंच्या मुलीच्या बाळंतपणाला त्याने न मागता सुट्टी आणि तिकीट दिलं होतं. तो म्हणाला, "जा ना. कोण अडवतंय? पण हिवाळा तेवढा काढ." हिवाळा गेला. "रमजान होऊ दे, इन्शाल्ला." तोही झाला. मग एकदा त्याने खरं काय ते सांगितलं. "तू गेलास की ते दोघं पाइपाखाली एकमेकांना पुरतील. माझ्या आईची लिंबं त्याच पाण्यावर आहेत. मला दुसरा माणूस दे, मग जा."

कायद्याने नोटीस देऊन निघून जाता आलं असतं. ते मुनीरभाईंनाही माहीत होतं. मी एकदा तसं बोलले, तर म्हणाले, "बाई, ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याला कागद पाठवून जायचं म्हणता?" पुढे मी तो विषय काढला नाही.

दुसरा माणूस म्हणून त्यांनी पुतण्याला, ताबिशला, तयार केलं. ताबिश चुलत भावाचा मुलगा, तिशीतला, कामाला चपळ, बोलायला गोड. दोन वेळा बरोबर नेलं. तिसऱ्या वेळी इशारा आला तेव्हा मुनीरभाई मुद्दाम गेले नाहीत. ताबिशने पाइप सोडवला, काठावर नेला, पुरानंतर जोडला. एक थेंब गळला नाही. तरी चार दिवसांनी खालच्या आळीतून निरोप आला: हा माणूस नको.

"काय केलंस काय तू?" मुनीरभाईंनी विचारलं.

"काय नाय चाचा. काम टकाटक."

"खाल्लंस काय?"

"म्हणजे... तो सुलैमान म्हातारा दारातच उभा होता. किती वेळ उभा. नाय म्हणायला लाज वाटली. थोडं खाल्लं."

"थोडं म्हणजे?"

"हलवा होता. मग कॉफी. मग म्हणाला जेवूनच जा. मटण होतं चाचा."

मला हे सांगताना मुनीरभाई म्हणाले, "पोराचं चुकलं असंही म्हणवत नाय. कोणी एवढ्या प्रेमाने वाढलं तर कोणीही जेवेल. मीच त्याला क्लॅम्प शिकवला आणि बाकीचं शिकवायचं राहून गेलं."

ही हकीकत त्यांनी त्या रात्री फोनवर हाफिजाभाभींना ऐकवली. भाभींनी शांतपणे ऐकून घेतली आणि मग सुरू झाल्या. "तुमी अजून तिकडच्या खजुरांना पाणी पाजा. हितं माड सुकले तरी चालतील. अवो, त्या तुमच्या क्लॅम्पाला दोन नट असतात ना? मना एवढी वर्षं तेच तर ऐकवताव. एक नट याला द्या, एक त्याला द्या, आणि घरी या. मोठे मिया रोज दाराकडे कान लावून बसतात."

भाभींनी ते चिडून म्हटलं होतं. मुनीरभाईंनी मात्र ते तसंच्या तसं घेतलं. मस्कतच्या घला भागातल्या वर्कशॉपमध्ये बसून त्यांनी प्रत्येक क्लॅम्पचा एका बाजूचा बोल्ट बदलला आणि त्या बाजूला वेगळ्या मापाचा नट घातला. एका बाजूला लागणारा पाना दुसऱ्या बाजूला लागेना. हे करताना त्यांना बरं वाटलं नाही. "काम म्हणून हे बरोबर नाय बाई," ते म्हणाले. "दोन्ही अंगाला सारखाच बोल्ट हवा. फलजच्या पाण्याला जोर नसतो म्हणून चालेल. पण कोणी जाणता माणूस बघेल तर विचारेल, कुठल्या शिकाऊने केलंय?" तरी त्यांनी ते केलं. एक पाना सुलैमानला दिला, दुसरा हमूदला. दोन्ही नट सुटल्याशिवाय क्लॅम्प निघणार नाही, म्हणजे एकट्याने कोणाला काही करता येणार नाही. खल्फानने दोघांना हे समजावून सांगितलं. दोघांनीही संशयाने आपापला पाना उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली.

महिन्याभरात आभाळ भरून आलं. सोडवणं सोपं गेलं. पाइप काठावर नेले, रात्रीत पूर आला, गेला. पाणी ओसरल्यावर खल्फान, मुनीरभाई आणि ताबिश जोडणी बघायला गेले. त्या दिवशी काय झालं हे मी काका-पुतण्या दोघांकडून वेगवेगळं ऐकलं, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

सुलैमान पाइपाच्या एका अंगाला बसला, हमूद दुसऱ्या. मधे क्लॅम्प. या सांध्याची एक गोष्ट अशी की दोन्ही नट आलटूनपालटून आवळावे लागतात, थोडा इकडचा, थोडा तिकडचा. एक बाजू आधीच घट्ट केली तर दुसरीकडे रबराची रिंग चिमटते आणि पाणी गळतं. मुनीरभाईंनी हे दोघांना सांगितलं आणि मागे जाऊन एका दगडावर बसले.

पहिला सांधा गळला. हमूदने दम लावून आपला नट एका झटक्यात पुरा आवळला होता.

"बैल आहेस," सुलैमान म्हणाला. "तुझा बापही असाच होता. दार लावायचा तर भिंत हलायची."

"आणि तू नट फिरवतोस तोवर खजूर पिकतील."

"रिंग चिमटलीय," मुनीरभाई दगडावरूनच म्हणाले. "उघडा. परत."

त्यांनी उघडला, परत लावला. परत गळला. आता सुलैमानचं चुकलं होतं, आणि हमूदने ते सगळ्या वादीला ऐकू जाईल असं सांगितलं. वरच्या आळीतले दोघे, खालच्यातले तिघे काठावर येऊन उभे राहिले. खल्फान गाडीला टेकून मिशी कुरवाळत होता. शेवटी हमूदने आपला पाना मुनीरभाईंपुढे धरला. "घे बाबा. तुझं दोन मिनिटांचं काम आहे. आम्हाला कशाला छळतोस?"

सुलैमाननेही पुढे केला. "हे मात्र खरं बोलला."

ताबिश म्हणतो, चाचाचा हात उठलेला मी पाहिला. गळता सांधा समोर असताना स्वस्थ बसणं या माणसाला आयुष्यात जमलं नव्हतं. पण त्यांनी पाना घेतला असता तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं. पुढचा हिवाळा, त्याच्या पुढचा हिवाळा. मुनीरभाईंनी दोन्ही हात काखेत घातले.

"असरची वेळ झालीय," ते म्हणाले, आणि वळणापलीकडे चालू लागले. ताबिश मागोमाग निघाला. नमाज नेहमीपेक्षा सावकाश झाली असं त्याचं म्हणणं. मुनीरभाई म्हणतात, नेहमीसारखीच. मधून मधून वळणाअलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मग तो बदलला. आधी शिव्या होत्या, आता नुसतं "तू", "आता मी", "थांब", "तू" एवढंच येत होतं. दोघं तिथेच बसून राहिले.

परतले तेव्हा पाइप जोडून झाला होता आणि पाणी सोडलेलं होतं. सुलैमान आणि हमूद एकमेकांकडे पाठ करून बसले होते. घसे बसल्यामुळे बोलत नव्हते. मुनीरभाई पाइपाच्या कडेने चालत गेले, प्रत्येक सांध्याखालची माती बोटाने चाचपत. शेवटच्या सांध्याखाली ओल होती, थोडीच. त्यांनी ती पाहिली. हात लावला नाही.

"शेवटचा अर्धा फेरा राहिलाय," एवढंच म्हणाले.

दोघं म्हातारे उठले. त्या सांध्यापाशी गेले. कोणाचा अर्धा फेरा यावरून पुन्हा सुरुवात झाली.

खल्फानने गाडीचं दार उघडलं. रुस्ताक आल्यावर त्याने विचारलं, "त्यांचं भांडण मिटेल असं वाटतं तुला?"

"नाय," मुनीरभाई म्हणाले. "पण पाणी जाईल."

रविवारी सकाळी खल्फान आणि मुनीरभाई मस्कतच्या रुवी भागातल्या सनद कार्यालयात गेले, जिथे सरकारी अर्ज भरून देतात. काचेपलीकडच्या मुलीने कागद घेतले, स्क्रीनवर नाव काढलं आणि खल्फानला विचारलं, सुट्टीवर पाठवताय की व्हिसा रद्द करून कायमचं?

खल्फान मिशी कुरवाळत राहिला. मुनीरभाई भिंतीवरच्या टोकन नंबरांकडे बघत उभे होते. मुलीने पुन्हा विचारलं.

"रद्द कर, मुली," खल्फान म्हणाला. "त्याला भावाकडे जायचंय."