नारळावरचा दुसरा हात

परवा नारळी पौर्णिमेच्या सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत आले आणि पहिल्या घोटाआधीच वास आला. डोंबिवलीत एमआयडीसीच्या अंगाला राहणाऱ्यांना अशा वासाचं नवल नसतं. शेजारणीने नाकाला ओढणी लावली, "सोडलं वाटतं पुन्हा मेल्यांनी," म्हणाली आणि कपडे वाळत घालू लागली. मी मात्र कप कठड्यावर ठेवून तशीच उभी राहिले. आंबूस, किंचित गोडसर, आणि सरतेशेवटी घशात टोचणारा तो वास. बाबा असते तर त्यांनी डोळे मिटले असते, मान जराशी तिरपी करून वारा कुठून येतोय याचा अदमास घेतला असता आणि हलक्या आवाजात एखाद्या रसायनाचं नाव उच्चारलं असतं. मग मुकाट्याने पायांत बूट चढवले असते. त्यांचा सकाळचा चहा बहुतेक वेळा असाच कठड्यावर निवून जायचा.

बाबा एका रसायनांच्या कंपनीत एन्व्हायर्नमेंट मॅनेजर होते. शाळेत हे काम समजावून सांगताना माझी अगदी फे फे उडायची. कुणाचे वडील बँकेत, कुणाचे रेल्वेत. माझे वडील कंपनीचं घाण पाणी स्वच्छ करून बाहेर सोडायचे. "म्हणजे गटाराचे साहेब?" एका मैत्रिणीने विचारलं होतं. मी घरी येऊन रडले, तर बाबा पोट धरून हसले. "बरोबर बोलली ती. कंपनीत मला खरा मान देतं ते गटारच," म्हणाले. नाक हे त्यांचं हत्यार, आणि त्या हत्याराचे लाड आम्ही सगळ्यांनी सोसायचे. घरात अत्तर वर्ज्य, पावडर वर्ज्य, उदबत्ती देवापुरती आणि तीही बिनवासाची मिळाली तर बरी! कहर म्हणजे कामाच्या दिवशी सुकटीचा डबा उघडायचा नाही. आता बघा, ठाण्याला कोपरीच्या खाडीकाठी कोळ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस, आणि सुकट फक्त रविवारी! आई म्हणायची, "माझ्या बापाने हौसेने कोळ्याच्या घरात दिली, आणि नशिबी आला हा सोवळा बोंबील."

त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, खाडी धरून राहिले. एक भाऊ खाडीत जाळं टाकणारा, दुसरा त्याच खाडीला जाऊन मिळणारं पाणी सांभाळणारा. दोघांचा एकमेकांवर जीव होता, पण ही गोष्ट त्यांच्यामध्ये कायम बसलेली असायची, पंगतीत न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी. आमच्या घराण्यात नारळी पौर्णिमेचा नारळ एकट्याने वाहायचा नाही अशी रीत आहे. उजवीकडून थोरल्या घरचा एक हात, डावीकडून धाकट्या घरचा एक हात, मगच नारळ पाण्यात. बाबा त्याआधी वाकून ओंजळभर पाणी उचलायचे आणि हुंगायचे. काका दरवर्षी तेच ओरडायचे, "अरं, देवाला नारल देतंस का पान्याची परीक्षा घेतंस?" आणि सगळा धक्का हसायचा.

मी कॉलेजात असतानाचा एक श्रावण मात्र या हसण्यातून कायमचा वजा झाला. पौर्णिमा तोंडावर आली होती. काकांची होडी रंगवून उभी, जाळी शिवून तयार, पावसाळाभर हात बांधून बसलेली माणसं पाण्याकडे डोळे लावून होती. आणि एका सकाळी खाडीच्या काठाला मेलेली मासळी लागली. पांढऱ्या पोटांचा नुसता खच. काकांचा फोन मीच उचलला. एरवी माझी चेष्टा केल्याशिवाय पुढे न जाणारे काका एवढंच म्हणाले, "बापसाला दे." बाबा रिसिव्हर कानाशी धरून उभे होते, पण काकांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. "तुज्या कंपनीचं पानी हाय का नाय, ते मना तोंडावर सांग. तोवर नारलाला हात लावाला येऊ नको."

बाबा कंपनीत गेले आणि भरदुपारी परत आले. भरदुपारी घरी येणारे ते नव्हेत. शर्टाच्या खिशात एक किल्ली होती. पावसाने कंपनीच्या टाक्या तुडुंब झाल्या होत्या, प्रॉडक्शन थांबवायला वरचे तयार नव्हते, आणि बाबांच्या मागे आदल्या पाळीत अर्धवट साफ केलेलं पाणी नाल्यात सोडून दिलं गेलं होतं. आता बाबांच्या देखत तेच करायचा हुकूम होता. बाबांनी नाल्याकडच्या व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी घातली, कुलूप ठोकलं आणि सरळ घर गाठलं.

आईने कपाळाला हात लावला. "अहो, तोडतील ना ते कुलूप!"

"तोडू देत. मग तोडणाऱ्याचं नाव होईल. माझं नको."

फोन वाजत राहिला, आम्ही तो वाजू दिला. मग खाली गाडी थांबली. बाबांचे मोठे साहेब आमच्या सोफ्यावर येऊन बसले, आईने चहा ठेवला, कुणी त्याला हात लावला नाही. साहेब आधी गोड बोलले. पावसात सगळेच सोडतात हो, एवढ्या पाण्यात कोण बघतं?

"माझा भाऊ बघतो," बाबा म्हणाले.

साहेबांचा चेहरा बदलला. टाकी संध्याकाळपर्यंत उतू जाईल म्हणाले. मग प्लांट बंद करा, बाबा म्हणाले. उद्या तुमची खुर्ची कुठे असेल याचा विचार केलाय का, साहेबांनी विचारलं, आणि तेव्हा बाबांचा हात खिशावर गेला. मी दारामागून पाहत होते. वाटत होतं, देऊन टाका ती किल्ली, किंवा खिडकीतून फेकून द्या, पण हे संपू दे. चहावर साय धरली. शेवटी साहेबांनीच मोबाइल काढला, "बंद करा" असं कुणालातरी सांगितलं आणि निरोप न घेता निघून गेले. बाबा न्हाणीघरात जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

पौर्णिमेला आम्ही कोपरीला गेलो. मी तर मनातल्या मनात किल्लीची गोष्ट सजवून ठेवली होती. ती ऐकल्यावर काका भावाला खांद्यावर घेतील अशी माझी खात्री होती. धक्क्यावर काका नारळ घेऊन उभे होते. बाबा त्यांच्यासमोर गेले.

"आमचं पाणी होतं, दादा. सगळं आमचं नव्हतं, पण आमचंही होतं."

बस. एवढंच. अहो बाबा, किल्लीचं सांगा ना, असं मी ओरडणारच होते, तर आईने माझा हात दाबला. काकांनी भावाकडे पाहिलं, नारळ स्वतःच्या छातीशी ओढला आणि म्हणाले, "यंदा नको." आणि एकट्याने वाहिला. बाबा पायरीवर हात जोडून उभे राहिले. परतताना रिक्षात मी कडकडून भांडले, का नाही सांगितलंत म्हणून. ते बाहेर बघत म्हणाले, "त्याने किल्लीचं कुठे विचारलं होतं?"

पुढे कंपनीने बाबांना एका कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन बसवलं, आणि पाणी दुसऱ्या कुणाला जमेना म्हणून परत आणलं. पुढच्या श्रावणात काकांचा निरोप आला, "ये." त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या साली सण केला नाही. परवा तो वास नाकात घेऊनच मी कोपरीला गेले. समोरच्या काठावर टॉवर उभे राहिलेत, होड्या विरळ झाल्यात, काकांचे गुडघे गेलेत. तरी ते पायरीवर वाकले, ओंजळभर पाणी घेतलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

"सांग."

वाजंत्री थांबली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ताय, चांगलं हाय म्हन ना, सनाचा दिस हाय." मी डोळे मिटले. आंबूस, गोडसर, घशात टोचणारा.

"वास आहे, काका. सकाळी डोंबिवलीत होता तोच."

काकांनी ओंजळ सोडली, हात लुंगीला पुसला, आणि मला वाटलं, झालं, आता 'यंदा नको'.

"तुजा बापूस बी आसाच बोलला व्हता," काका म्हणाले. "लय राग आलता मना त्याचा. पन त्या साली नारल एकट्याला लय जड झालता. धर."

माणूस गेल्यावर त्याचं काय उरतं, कुणास ठाऊक. बाबांचे बूट आईने देऊन टाकले, कुलूपकिल्ली कंपनीतच राहिली. खाडी सुधारली असंही म्हणवत नाही. पण नारळाच्या डाव्या अंगाला एका हाताएवढी जागा त्यांनी खरं बोलून राखली होती, आणि परवा ती रिकामी नव्हती.