वास न येणारे काका

इकडे परदेशात, श्रूजबरी गावात आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त इंजिनिअर आहेत. दर शरदात ते धनुष्यबाणाने हरणांची शिकार करतात. माणसाचा वास लागला की हरीण पळतं, म्हणून त्या मोसमात ते लसूण-हिंग खात नाहीत, बिनवासाच्या साबणाने आंघोळ करतात आणि शिकारीचे कपडे बंद डब्यात जंगलातल्या ओकच्या पानांत ठेवतात.

"फोडणी करायची तर यांना आधी अंगणात हाकलावं लागतं," काकू म्हणतात.

काका मागे येऊन उभे राहिले तरी कळत नाही. बोलतात तेही दबक्या आवाजात, मध्येच वाऱ्याचा अंदाज घेत.

या ऑक्टोबरात माझी पत्नी गेली. चौथ्या दिवशी काका भेटायला आले आणि दारातच थांबले. त्यांनी हळूच श्वास घेतला.

"आहे ती अजून," ते म्हणाले.

आत येऊन त्यांनी तिच्या फोटोपुढची उदबत्ती दोन बोटांनी विझवली.

"हे लावू नकोस. खिडक्या बंद ठेव. माणसाचा वास थोडेच दिवस टिकतो रे."

मी खिडक्या बंद ठेवल्या, फोडणी केली नाही. तिची शाल नाकाशी धरून बसायचो. पण येतो तो वास की नुसती आठवण, हे मला कळत नसे.

दहाव्या दिवशी काका पुन्हा आले. दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ श्वास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

मग ते आत गेले आणि त्यांनी हॉलची खिडकी उघडली.