शेवटच्या आकड्यात एक मिळव

एकच काम दोनदा करायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरातले याला आळस म्हणतात; म्हणू देत. तिसगावला माझी आत्या आणि शेजारच्या बायका शेळ्या पाळतात. त्यांच्या मोबाईलसाठी मी एक छोटं ॲप करून दिलं होतं, कुठलं औषध किती द्यायचं एवढंच सांगणारं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगायचं, मी नगरला बसून लिहायचं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी आवृत्तीचा क्रमांक, 1.4 असा. मजकूर सुधारला की तो वाढवायचा.

इतक्या नोंदी हाताने कोण बदलत बसणार? मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक नोंदीतला शेवटचा आकडा शोध, त्यात एक मिळव. औषधाचे आकडे मी मराठीत लिहिले होते, आवृत्तीचे इंग्रजीत. मराठी आकड्याला पायथन कशाला हात लावतंय, असं खुशाल गृहीत धरलं. वरच्या दोन-तीन नोंदी पाहिल्या, 1.4 चं 1.5 झालेलं दिसलं, दिलं पाठवून.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! पायथनला मराठी आकडे छान कळतात. आणि एका नोंदीखाली मी क्रमांक टाकायलाच विसरले होते. जंताच्या औषधाची नोंद ती: दर दहा किलो वजनाला १ मिली. तिथं शेवटचा आकडा तोच. त्याचे 2 झाले; पायथन उत्तर इंग्रजी आकड्यातच लिहितं.

आठवड्याने आत्याचा फोन आला. गाभण शेळी गाभडली होती, दोन्ही करडं गेली. डॉक्टर म्हणाले, औषध दुप्पट गेलंय. मी फाईल उघडली आणि ते 2 दिसलं. सगळ्या बायकांना फोन करकरून औषध थांबवायला सांगितलं आणि सकाळच्या एसटीने तिसगाव गाठलं.

आत्या शेळीला पाणी पाजत होती. मी रडतच सगळं सांगितलं. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने माझ्यापुढेही पाण्याचा तांब्या धरला.

"अगं, जन्म गेला तुझा शेळ्यांत. एकाचे दोन झाले ते तुला खटकलं नाही?" चूक माझी, आणि वर आवाजही माझाच चढला.

"खटकलं की," आत्या म्हणाली. "औषधाचा त्यो एकच आकडा इंग्रजीत हुता. म्हनलं, आपल्या पोरीनं मुद्दाम बसून नवा लिव्हलाय. मंग मी माझं जुनं कशाला धरून बसू?"