एका कार्डाचे दोन पत्ते

ते प्रकरण आठवलं की आजही मान खाली जाते.

सरकारी कार्यालयं तेव्हा नुकतीच नवा रायपूर या नव्या राजधानीत हलली होती आणि मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. तिथली एक तरुण लेखाधिकारी तक्रार घेऊन ठाण्यात आली. कार्यालयाच्या अंतर्गत ईमेलवर तिच्याबद्दल घाणेरडी निनावी पत्रं सगळ्या सहकाऱ्यांना जात होती. गोष्ट बाहेर पसरली आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं.

पत्रं ज्या आयपी पत्त्यावरून निघाली, तो तिथल्या एकाही संगणकाला दिलेला नव्हता. सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर आम्हाला मदत करत होता. नागपूरकडचा मराठी मुलगा. "कोणीतरी बाहेरून लॅपटॉप आणून जोडून राहिलं, साहेब," तो सांगायचा. परमुलखात आपली बोली ऐकली की माणूस सैल होतो. आम्ही कंत्राटी माणसांच्या मागे लागलो.

मग तिथल्याच एका बाईंचा फोन आला. नाव सांगितलं नाही. "साहब, इंजिनिअर साहब ने मैडम को शादी के लिए पूछा था. मैडम ने मना कर दिया."

मी सायबर सेलच्या महिला उपनिरीक्षकांना थेट सर्व्हर तपासायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, सर्व्हरच्या एकाच नेटवर्क कार्डाला अनेक पत्ते देता येतात. जादा पत्ता जोडायचा, पत्र पाठवायचं, पत्ता काढून टाकायचा. पण कार्डाचा स्वतःचा क्रमांक तोच राहतो." नेटवर्कच्या जुन्या नोंदींत सर्व्हरचा नेहमीचा पत्ता आणि तो बेवारस पत्ता, दोन्हींमागे एकच क्रमांक निघाला.

चौकशीत इंजिनिअर डगमगला नाही. "एका कार्डाले चार पत्ते असतात, साहेब. कामच आहे आमचं. पासवर्ड कोणी चोरला असंल."

संध्याकाळी त्याचे वडील आले. रेल्वेतले निवृत्त गार्ड. सगळं ऐकून ते मुलाकडे वळले.

"तू नाही लिहिलं न?"

"नाही, बाबा."

"मंग वाच. त्या पोरीले काय सोसावं लागलं, मले कळू दे."

मी पत्राची छापील प्रत पुढे सरकवली. त्याने ती उचलली. ओठ हलले, आवाज फुटेना.

"वाच न. काहून थांबला?"

कागद खाली ठेवून तो हुंदके देऊ लागला. "तुमच्यासमोर नाही वाचता येत, बाबा. मीच लिहिलं."

ठाण्यातली कबुली न्यायालयात चालत नाही. शिक्षा झाली ती तांत्रिक पुराव्यावर.

कबुलीच्या दुसऱ्या दिवशी ती लेखाधिकारी मुलगी पुरवणी जबाबासाठी आली. इंजिनिअरचे वडील बाकावरून उठले आणि त्यांनी हात जोडले. ती गडबडली. "अंकल, आप बैठिए. आपने कुछ नहीं किया." ते बसले नाहीत. ती जाईपर्यंत तसेच उभे होते.

यंत्राचा माग काढायला मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे अशा गुन्ह्यांत मी आरोपीला त्याचंच लिखाण मोठ्याने वाचायला लावू लागलो. बरेच जण अडखळत. काही मात्र बिनदिक्कत, शेवटपर्यंत वाचत. तेव्हा त्या खोलीत शरम वाटणारा मी एकटाच असे.